ड्रॉवरमधली प्रत

वणीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तो दर रविवारी चर्चमधून थेट यायचा. कोळसा खाणीतला रिटायर इलेक्ट्रिशियन. आधी स्वतःच्या रुमालाने मशीनची काच पुसायचा, मग इंग्रजी पत्र पुढे करून म्हणायचा, "वीस काढा भाऊ, सावकाश."

पत्रं जायची अमेरिकेतल्या चर्चना. इकडे कापसाचा भाव पडलेला, आणि हा माणूस परदेशी पाकिटं चिकटवत बसायचा. कायले म्हणून विचारलं तर एवढंच सांगायचा, "तिथले कास्तकार बी आपलेच लोकं हायेत. त्यायले सांगाले पायजे."

मला ते पटत नव्हतं. इंग्रजी मला धड येत नाही. पण उद्या या पत्रांवरून पोलीस चौकशी झालीच तर हाताशी असावी, म्हणून मी दर वेळी एक प्रत जास्त काढून ड्रॉवरमध्ये टाकायचो.

एका रविवारी वीस प्रती घेतल्यावर त्याने खिशातून हाताने लिहिलेला कागद काढला. "ही तुमच्या ड्रॉवरसाठी. मराठीत लिवून आनली."

माझे कान तापले. तो गेल्यावर वाचलं. त्याच इंग्रजी पत्राचं मराठी होतं, अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना लिहिलेलं. तुमचं सरकार तुम्हाला मदत देतं, त्याने जगात कापूस स्वस्त होतो आणि आमचा भाव मरतो. तुमच्या सरकारला हा अन्याय थांबवायला सांगा. खाली गावकऱ्यांच्या सह्या, अंगठे. शेवटी माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे सहीला मोकळी जागा.

पूर्ण नाव त्याला कोणी सांगितलं, हा संशय मला अजून आहे. सही मी केलेली नाही. प्रती मात्र आता मोजून वीसच काढतो.