ऊस गेला की नदी दिसेल

आमच्या ठिबक सिंचन कंपनीच्या विक्रेत्यांची वार्षिक परिषद दरवर्षी पुण्यात व्हायची. त्या वर्षी ती नगर जिल्ह्यात घ्यायची ठरली. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "जागा कोण बघणार?" आणि नेमकी त्याच क्षणी मला शिंक आली. तोंडावर धरायला माझा हात वर गेला. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड." बैठक पुढे सरकली, माझी शिंक तिथेच राहिली.

घरी सांगितलं तर बायको पोळी लाटायची थांबली. "तुम्ही? जागा निवडणार? लग्नानंतर फिरायला गेलो होतो तो लॉज कोणी निवडला होता?"

तो मीच निवडला होता. खालच्या मजल्यावर बँडवाल्यांची तालीम चालायची. सबंध मुक्कामात आम्ही पहाटे वरातीत उठल्यासारखे उठत होतो.

मी मुळातच भित्रा माणूस. साहेबांना भितो, लिफ्टला भितो, पाल तर सोडाच, पालीच्या आवाजालाही भितो. त्यामुळे परिषदेसाठी जागा निवडताना माझ्याकडे एकच मोजपट्टी होती: कुठे कमी भीती वाटते? शिर्डीत हॉटेलं भरपूर आणि स्टेशन, विमानतळ सगळं हाताशी. पण आमचे विक्रेते सकाळी दर्शनाच्या रांगेत शिरले की समारोपालाच प्रसादाचे लाडू घेऊन उगवणार, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे साहेब भाषण करणार, हे दृश्य मला झोपेत दिसायला लागलं. संगमनेरला एक झकास हॉल मिळत होता, पण वरच्या मजल्यावर. साहेब लिफ्टमध्ये अडकलेत आणि आतून माझ्या नावानं हाका मारतायत, असं पुढचं स्वप्न पडलं. राहता राहिलं कोल्हारच्या अलीकडे प्रवरेच्या काठावरचं एक लॉन्स. तळमजला, मोठं पार्किंग, लग्नसराई नसल्यानं रिकामं.

मालक मोकळेपणानं बोलणारे. त्यांना सगळे दादा म्हणत, मीही म्हणायला लागलो. मी टाळ्या वाजवून हॉलमध्ये आवाज घुमतो का पाहिलं, जनरेटर चालू करायला लावला, स्वच्छतागृहांच्या कड्या तपासल्या. एका स्वच्छतागृहात अडकलोही. दादांनी बाहेरून धक्का मारून मला काढलं आणि म्हणाले, "कडी लई मजबूत हाय, बघा."

हॉलची खरी शान म्हणजे स्टेजच्या मागची काचेची भिंत. काचेपलीकडे हिरवळ, तिथे जेवणाची टेबलं लावता येतील. हिरवळीपलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागून माणसापेक्षा उंच ऊस.

"नदी कुठंय?" मी विचारलं.

"ह्यो ऊस हाय ना, त्याच्या मागंच. ऊस गेला की नदी दिसंल."

या एका वाक्यानं माझा घात केला. साहेब बोलतायत, मागे काच, काचेमागे प्रवरा वाहतेय, असा फोटो माझ्या डोळ्यांपुढे तयार झाला. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात माझा कॉलेजातला मित्र होता. त्याच्या मागे लागून मी त्या शेताची तोड लवकर लावून घेतली. म्हणजे ऊसतोड कामगारांची टोळी तिथे आधी पाठवायची, परिषदेपूर्वी शेत मोकळं.

मी याच जिल्ह्यात वाढलेला. उसात काय राहतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. फड तोडत आणला की आतलं जनावर बाहेर पळत नाही, आत आत सरकतं, आणि जे काही असतं ते सगळं शेवटच्या तुकड्यात गोळा होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण साहेबांची भीती एवढी उंच वाढली होती की तिच्यामागचं मला काही दिसतच नव्हतं.

परिषदेच्या सकाळी पोहोचलो तर तोड संपलेलीच नव्हती. टोळी उशिरा आली होती. तीन बाजूंनी ऊस गेला होता आणि बांधाला लागून, नेमका काचेसमोर, शाळेच्या मैदानाएवढा तुकडा उभा होता. नदी काही दिसत नव्हती.

त्यात फाटकापाशी वेगळंच चित्र. कडुनिंबाखाली टोळीच्या बैलगाड्या सुटलेल्या, बैल रवंथ करतायत, आणि फांदीला साडीची लाल झोळी. झोळीत तान्हं पोर. साहेबांची गाडी आत शिरणार आणि पहिलं दर्शन शेणाचं अन् झोळीचं? मी टोळीच्या मुकादमाला गाठलं. म्हणालो, गाड्या जरा लांब घ्या, आणि ही झोळी मागे बांधा.

पोराची आई कोयता घेऊन शेताकडे निघाली होती. ती थांबली. "साहेब, पोरगी हितंच बरी. गाड्यांपाशी मान्सं असत्यात."

"मागे बांधावर बाभळ आहे ना," मी म्हणालो. "तिथेही सावली आहे."

तिनं मुकादमाकडं पाहिलं. मुकादम म्हणाला, "साहेब म्हनत्यात तर ने की मागं. दुपारपत्तुरचा तर सवाल हाय." तिनं झोळी सोडली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि गेली.

मी कपाळावरचा घाम पुसत होतो तेवढ्यात दादा चहा घेऊन आले. "काय काळजी करू नका साहेब. दिवसाचं ते काय करत न्हाई."

"ते म्हणजे?"

"ते म्हंजे..." त्यांनी चहाचा कप उसाच्या दिशेनं हलवला. "ते आपलं. परवा वस्तीवरचं कुत्रं गेलं. पर मान्साच्या वाट्याला जात न्हाई."

आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की येतं म्हणतात. शहाणीसुरती, मोबाईलवर जगाच्या बातम्या वाचणारी माणसंसुद्धा "ते" म्हणतात आणि हनुवटीनं दिशा दाखवतात. चहा माझ्या हातात निवला. बाभळ कुठे आहे ते मला तेव्हा नीट आठवलं. उरलेल्या उसाला अगदी चिकटून होती. आत्ता जाऊन सांगतो, असं मनाशी म्हणालो आणि तेवढ्यात साहेबांची गाडी फाटकात शिरली.

सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात होतं. साउंडवाल्यानं माझ्या कॉलरला बारका माइक लावला आणि त्याची डबी पट्ट्यात खोचली. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं. मी सगळ्यांना "सन्माननीय" म्हणत होतो आणि माझी नजर काचेत अडकली होती. डाव्या कोपऱ्यात, बाभळीला, लाल ठिपका. ठिपका हलत होता. म्हणजे पोरगी जागी होती, किंवा वारा होता.

मग साहेब हातात माइक घेऊन उभे राहिले. त्यांची पाठ काचेकडे, विक्रेत्यांची तोंडं काचेकडे. खुर्च्यांची ही मांडणीही माझीच, नदी दिसावी म्हणून. सगळा हॉल साहेबांच्या खांद्यावरून मागे बघत होता. ही सगळी जिल्ह्यातली दुकानदार मंडळी, निम्म्यांची स्वतःची शेती. उरलेला ऊस आणि आत सरकलेलं ते, याचा हिशेब प्रत्येकानं बसल्या बसल्या मांडला होता. कोणी जांभई देत नव्हतं, कोणी मोबाईल बघत नव्हतं. एवढे लक्ष देणारे श्रोते साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले होते, त्यामुळे त्यांचा आवाज चढत गेला.

पहिल्या रांगेत संगमनेरचे आमचे जुने विक्रेते अण्णा बसले होते. मी त्यांच्याशेजारी टेकलो. त्यांनी मान न वळवता विचारलं, "उरलं किती?"

"पाच-सहा स्लाइड असतील."

"फडाचं विचारतोय मी! लग्नाच्या स्टेजएवढाच राहिलाय की. आणि जेवणाची टेबलं कोणत्या शहाण्यानं त्याच्यासमोर मांडलीत?"

तो शहाणा त्यांच्या शेजारीच बसला होता.

साहेब रंगात आले होते. "मित्रांनो, पुढे जे येणार आहे, ते फार मोठं आहे! त्याला सामोरं जायला तुम्ही तयार आहात का?"

मग मागून कोणीतरी अगदी मनापासून ओरडलं, "न्हाई!"

साहेब हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. उसाचे शेंडे हलत होते. टोळी उजव्या बाजूनं तोडत होती, शेंडे हलत होते डाव्या बाजूचे. वारा नव्हता, दारावरच्या कमानीचे फुगे अगदी स्तब्ध होते. शेंडे एका रेषेत, सावकाश, बाभळीकडे हलत गेले आणि थांबले.

पुढचं लोक नंतर धाडस वगैरे म्हणाले. तसं काही नव्हतं. मी आयुष्यभर भीतीपासून पळत आलो. त्या दिवशीही पळालोच, फक्त पायांची दिशा चुकली. बाजूच्या दारानं बाहेर पडलो, मांडलेल्या ताटांमधून, सलाडच्या टेबलाला धडकून, कुंपणाच्या फटीतून कोट फाडून घेत बांधावर आलो. बूट तोडलेल्या उसाच्या खुंटांना अडकत होते. मागून कुठूनतरी एक घाबरट माणूस मोठमोठ्यानं बडबडताना ऐकू येत होता. हा कोण रडतोय, असंही मला वाटून गेलं.

तो मीच होतो. कॉलरचा माइक चालूच राहिला होता. मी काय बोललो ते अण्णांनी नंतर मला शब्दन् शब्द ऐकवलं, आणि आजही चारचौघांत ऐकवतात: "देवा, मला नको रे. माझ्यात काय आहे? आत एवढे डीलर बसलेत. साहेब बघ, चांगले भरलेले आहेत."

बाभळीपाशी पोहोचलो आणि बडबड आपोआप थांबली. तिथे काहीच आवाज नव्हता. पलीकडचे कोयतेसुद्धा ऐकू येईनात. झोळीत पोरगी झोपली होती, मूठ तोंडात. मी झोळी सोडायला गेलो तर गाठ सुटेना. शेवटी दोन्ही हात आत घालून पोरीलाच उचललं. ती गरम होती, माझे हात बर्फासारखे. ती कुरकुरली, तेवढ्यात माझ्यापासून चार हातांवर ऊस बाजूला झाला.

खाली, बुंध्यांमध्ये, काहीतरी पिवळं होतं. उसाचं वाळलेलं पाचटही पिवळंच असतं. ते पाचट होतं की ते होतं, हे मी अजूनही शपथेवर सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की पाचट श्वास घेत नाही.

मी पाठ फिरवली नाही. लहानपणी सगळ्यांना सांगतात तसं, तोंड तिकडेच ठेवून एकेक पाऊल मागे येत राहिलो. पोरगी छातीशी, कानात माझाच श्वास, आणि तोच श्वास हॉलमधून मोठा होऊन परत येत होता. खुंटाला अडखळलो, पडता पडता सावरलो. ते पिवळं हललं नाही. बांध संपेपर्यंत हललं नाही.

आई उजवीकडून धावत आली, कोयता हातातच. तिनं पोरीला माझ्याकडून घेतलं, डोकं, पाठ, पाय चाचपून बघितले. मला वाटलं आता ती रडेल, पाया वगैरे पडेल. मी "अहो, असू द्या" म्हणायची तयारी करून उभा होतो. तिनं उसाकडं पाहिलं, बाभळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमीच म्हनलं हुतं ना," ती म्हणाली. "हिकडं बांध म्हनून."

हॉलमधून तिचाच आवाज काचेला थडकून आमच्यापर्यंत आला. हिकडं बांध म्हनून. तेव्हा मला माइक आठवला. काचेआड सगळे उभे राहिले होते आणि सगळ्यांच्या पुढे साहेब, माइक खाली धरून.

मुकादमानं तोड थांबवली, टोळी गाड्यांपाशी गेली. दादांनी वनखात्याला फोन लावला. जेवण हॉलमध्येच झालं, काचेला पडदे लावून, ताटं मांडीवर घेऊन. शेवटचं सत्र कोणी घेतलंच नाही, आणि घेतलं असतं तरी ऐकायला कोणी नव्हतं.

निघताना साहेबांनी गाडी फाटकात थांबवली. झोळी परत कडुनिंबाला आली होती आणि आई तिच्याशेजारी भाकरी खात बसली होती. साहेबांनी काच खाली घेतली. माझ्या फाटक्या कोटाकडे पाहत विचारलं, "तिला मागे का पाठवलं होतंत?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून, साहेब."

"काय दिसू नये?"

मी झोळीकडे बोट दाखवायला हात उचलला आणि अर्ध्यावरच खाली घेतला. साहेबांनी तिकडं पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "हॉर्न वाजवू नका," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन. "साहेब, फड निघाला. आत काय नव्हतं. रातचंच गेलं. नदीकडच्या ओल्या मातीत पाय उमटल्यात, मोठं. आन् शेजारी बारकी बारकी."

माझ्या हातांना पुन्हा झोळीतल्या पोरीची ऊब जाणवत होती.

"आता काचंतून नदी लई झ्याक दिसती," दादा म्हणाले. "या की बघायला."

मी अजून गेलेलो नाही.