प्रश्न विचारून गप्प बसणारे सर

शेटे सर प्रश्न विचारायचे आणि खिशातून फुटाणे काढायचे. एक फुटाणा चिमटीत धरून सोलायचा, साल फुंकायचं, दाणा तोंडात टाकायचा आणि ज्याला प्रश्न विचारला त्याच्याकडे बघत राहायचं. उत्तर येईपर्यंत दुसरा शब्द नाही. आधीचे सर प्रश्न विचारून स्वतःच उत्तर सांगायचे आणि आम्ही ते सुरात म्हणायचो. त्यामुळे सुरुवातीला शेटे सर विसरले की काय असंच आम्हाला वाटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर पुटपुटलं, की सर नुसता तळहात वर करायचे. म्हणजे तू नाही, त्याला विचारलंय. शेवटी उभा असलेला मुलगा वैतागून म्हणायचा, "सर, येत न्हाई." सर म्हणायचे, "हे बी उत्तरच हाय. खरं हाय. बस."

ते धारूरचे. घरी भावाचं किराणा दुकान होतं आणि फुटाणे तिथलेच. आमचं ज्युनिअर कॉलेज दिंद्रुडपासून जवळ होतं. त्याला अनुदान नव्हतं, त्यामुळे सरांची नेमणूक दर जूनला नव्याने व्हायची. संस्थेचे अध्यक्ष चेअरमन अण्णा. तेच दूध संघाचे चेअरमन, आणि त्या वर्षी दुष्काळ पडल्यावर चारा-पाण्यासाठी जनावरांची छावणीही दूध संघानेच उघडली होती. आमच्या भागात एकाच माणसाच्या हातात इतक्या गोष्टी असणं नवीन नव्हतं. कुणाला त्यात काही वावगंही वाटायचं नाही.

मी त्या वर्षी बारावीला होते आणि छावणीत राहत होते. छावणीचा नियम असा, की जनावरांबरोबर घरचं एक माणूस हवं. आई गावात लहान भावंडांना आणि टँकरच्या रांगेला बांधलेली. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोजगार हमीच्या कामावर जायचं असायचं. मग दोन बैल आणि एका म्हशीजवळ मी. शिंगांवर रंगाने नंबर घातलेला, सकाळी उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्याच्या, मोळ्या मोजून मिळायच्या, दुपारी हौदावर पाणी. निम्मा वर्ग असाच छावणीत होता. कॉलेजात सरांसमोर रिकामे बाक उरले.

एक दिवस सर सायकलवर फळा बांधून छावणीत आले. आमच्या दावणीजवळ लिंबाच्या खोडाला तो टेकवला आणि म्हणाले, "पोरं शाळेत येत न्हाईत तर शाळा पोरांकडं. बसा." आम्ही वाढ्याच्या मोळ्यांवर बसलो. म्हशीने फळ्याची कड चाटून बघितली. सर म्हणाले, "तिला बी शिकू द्या. तिची परीक्षा न्हाई, येवढंच."

त्या दिवशीचा इंग्रजीचा पाठ मुलाखतींचा होता. मोठमोठ्या लेखकांना पत्रकार भेटायला जातात, काही लेखक दार उघडत नाहीत, काही उलट पत्रकारालाच प्रश्न विचारतात, कुणाला मुलाखत म्हणजे घरात चोर शिरल्यासारखं वाटतं, असं त्यात लिहिलं होतं. आमच्यापैकी कुणी जिवंत लेखक पाहिलेला नव्हता. वर्गातल्या दत्ताने विचारलं, "सर, ह्यो माणूस दिवसभर घरीच बसून लिव्हतो, मग त्येची बायकू काय म्हणती?"

सर म्हणाले, "चांगला प्रश्न हाय. पत्रकाराला बी सुचला न्हाई."

मग त्यांनी दत्तालाच लेखक केलं. मोळ्यांच्या ढिगावर बसवलं, गळ्यात कुणाचा तरी टॉवेल घातला आणि एकेकाला त्याची मुलाखत घ्यायला सांगितलं. इंग्रजी जमेल तितकं, नाही जमलं तर मराठीत. पहिला उठला तो बबन. हात जोडून म्हणाला, "आपन लई कष्ट करून, लोकांच्या भल्यासाठी पुस्तक लिव्हलं असंल, न्हाई का?"

"व्हय," दत्ता म्हणाला.

"आन् तुमाला लई आनंद झाला असंल?"

"व्हय."

सर उठले. "झाली मुलाखत. असं इचारलं तर हा बैल बी व्हय म्हणंल." आणि मग ते वाक्य म्हणाले, जे नंतर परीक्षेपर्यंत त्यांच्या तोंडून ऐकलं. "आपल्याकडं प्रश्नाच्या फडक्यातच उत्तराची भाकर बांधून देत्यात. समोरच्यानं नुसती खायची. बारका प्रश्न इचारा. इचारला की तोंड मिटा. बोलायची पाळी आता त्याची हाय."

ऐकायला सोपं वाटतं. करून बघितल्यावर कळतं. आमच्याकडे पाहुणा आला तर त्याला "प्रवास बरा झाला ना?" असंच विचारतात. आजाऱ्याला "आता बरं वाटतंय ना?" असंच. त्याला बरं वाटत नसलं तरी मान हलवावी लागते, कारण विचारणाऱ्याची काळजी घ्यायची असते. आम्ही त्यातच वाढलो होतो. प्रश्न विचारून गप्प राहणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा, असं वाटायचं. सरांनी आमच्याकडून त्याचा सराव करून घेतला. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने विचारायचं आणि मग थांबायचं. हसू यायचं, अंगाला खाज सुटायची. सर मधे फुटाणे खात फिरायचे.

त्याच दिवसांत छावणीच्या कर्ण्यावरून रोज एक सूचना व्हायची. दूध संघातर्फे सामुदायिक विवाह मेळावा, मंगळसूत्र, साडी, भांडी संघाकडून, इच्छुकांनी नावं द्यावीत. मेळावा परीक्षेच्या आधी होता. बापूंनी ती सूचना ऐकली, माझ्या मामांनीही ऐकली. मामा उमापूरकडचं एक स्थळ घेऊन आले. अण्णांच्या ओळखीतलं, घरची शेती, मुलगा एकुलता. बापू मला म्हणाले, "संगे, पुढल्या साली पाऊस पडल का न्हाई, कुणाला ठावं. आता फुकटात व्हतंय. परीक्षेला बसू देत्यात म्हणं."

हे "बसू देत्यात म्हणं" माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळीही झालं होतं. तिने पुस्तकं सासरी नेली होती. पुढे ती पुस्तकं कोनाड्यातच राहिली.

बघण्याचा कार्यक्रम छावणीतच ठरला, कारण जनावरं सोडून कुणाला हलता येत नव्हतं. आमच्या दावणीजवळ सतरंजी अंथरली. मुलगा, त्याचा चुलता, मामा, बापू. मुलगी शिकलेली आहे हे सांगायला एखादा मास्तर बसवायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून बापूंनी शेटे सरांना बोलावलं होतं. मी सरांना आदल्या दिवशी काही सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार होतं? ते परगावचे आणि अण्णांच्या संस्थेतले.

चुलत्याने मला नाव विचारलं, ते मामांनी सांगितलं. स्वयंपाक विचारला, तेही मामांनीच सांगितलं. शिक्षण विचारलं तेव्हा सर म्हणाले, "हुशार हाय. पास होईल." मग चुलता मोठेपणाने म्हणाला, "पोरीला काय इचारायचं असंल तर इचारू द्या." हे नुसतं म्हणायचं असतं. मुलीने मान खाली घालून नाही म्हणायचं असतं.

मी मुलाकडे बघून विचारलं, "इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी मी कुठं असंन?"

पहिलाच पेपर इंग्रजीचा असतो. एवढाच प्रश्न विचारला आणि तोंड मिटलं.

मामा हसले. "कुठं म्हंजी? परीक्षेला! व्हय ना पावनं?"

चुलता म्हणाला, "बसंल की. आमी काय अडाणी हावोत?"

सरांनी तळहात वर केला, वर्गात करायचे तसाच. "मामा, प्रश्न पावन्यांना न्हाई. पोराला हाय."

पलीकडे टँकर हौदात रिकामा होत होता, त्याचा आवाज. बापू सतरंजीची दशी ओढत होते. सरांनी फुटाणे काढले नाहीत, एवढं मात्र मी बघितलं. मुलगा कितीतरी वेळ जमिनीकडे बघत होता. मामा पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात तो बोलला.

"घरीच असशील. आई अंथरुणाला हाय. दुधाचं, चुलीचं बघाया कुणी न्हाई. माणूस पायजे म्हणून तर आलोत. खोटं काहून बोलू?"

चुलत्याने त्याच्याकडे असं बघितलं, की परत जाताना वाटेत त्याचं काय होणार ते दिसत होतं. बापू उठले आणि म्हणाले, "च्या घ्या पावनं." ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पण आमच्याकडे बोलणं असं चहावर आलं, की ते संपलेलं असतं. जाताना सर त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू चांगला माणूस हायस. आईला औषधपाणी बघ." ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

संध्याकाळी बापू म्हशीला पाणी पाजता पाजता म्हणाले, "पोरगं खोटं बोललं असतं तर दिली असती बघ तुला." पुढे त्यांनी हा विषय काढला नाही. मी मेळाव्याच्या दिवशी छावणीतच बसून अभ्यास केला. कर्ण्यावर मंगलाष्टका चालू होत्या, त्यामुळे लक्ष लागत नव्हतं.

अण्णांचा मात्र अपमान झाला. स्थळ त्यांच्या ओळखीचं होतं आणि आमची जोडी यादीत धरलेली होती. त्यांनी सरांना छावणीच्या ऑफिसात बोलावलं. दत्ता तिथे वाढं मोजून घेत होता, त्याने ऐकलेलं आम्हाला सांगितलं. अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमाला इंग्रजी शिकवाया ठिवलंय. सोयरिकी मोडाया न्हाई." सर म्हणाले, "अण्णा, मी तर नुसता गप्प बसलो." अण्णा म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

मी पास झाले. फार भारी नाही, पण पास झाले. जूनमध्ये कॉलेजात इंग्रजीला दुसरे सर होते. शेटे सर धारूरला भावाच्या दुकानात बसायला लागले, एवढंच कळलं.

पुढे मी शिकले, लग्न केलं, आणि आता महिलांच्या एका दूध संस्थेची सचिव आहे. कामाला बाई घ्यायची असली की मीच मुलाखत घेते. माझ्या संचालिका सुरुवातीला अस्वस्थ व्हायच्या. "काम जमंल ना गं तुला?" असं त्या विचारायच्या आणि ती बाई जमंल म्हणायची. मी विचारते, "पहाटे दूध घालायला आलेल्या बाईशी भांडण झालं तर काय करशील?" आणि थांबते. कधी उत्तर यायला वेळ लागतो. आलेलं उत्तर बहुधा कामाचं असतं.

काही वर्षांपूर्वी संस्थेच्या कामासाठी धारूरला गेले तेव्हा दुकानात गेले. सर गल्ल्यावर होते, केस पांढरे, चष्मा दोरीने बांधलेला. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मला बसायला पोतं दिलं, मूठभर फुटाणे दिले. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "सर, त्या दिवसामुळे नोकरी गेली का?"

"व्हय."

"वाईट वाटलं असेल ना?"

सर हसायला लागले. "आलीस का भाकर बांधून?"

मी पुन्हा विचारलं, "कसं वाटलं?" आणि गप्प बसले. मधे एक बाई हरभऱ्याची डाळ घ्यायला आली. सरांनी डाळ जोखली, पुडी बांधली, पैसे घेतले. ती गेल्यावर म्हणाले, "पयल्या वर्षी लई वाईट. समोरच्या शाळेची घंटा झाली की माझं माप चुकायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, शेट, जास्ती टाकलंत. मंग सवय झाली. शिकवणं इथं बी चालतंयच की. गिऱ्हाइकाला काय पायजे ते आपण सांगू नये, त्यानं सांगंपर्यंत थांबावं." मग म्हणाले, "तुझ्यामुळं गेली असं समजू नकोस. गप्प बसायचं मी ठरवलं व्हतं. मी काय करणार ते तुला तर म्हाईत बी नव्हतं."

ते खरं होतं. मी मान हलवली आणि फुटाणे खाल्ले.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले, लिंगैक्य झाले. मला दोन दिवसांनी कळलं. मी गेले तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत माणसं बसली होती. सरांची मुलगी, जी आता दुकान बघते, तिच्याजवळ मला जागा झाली. मी कोण ते तिला माहीत होतं. येणारा प्रत्येक जण तिला विचारत होता, "फार त्रास तर झाला नाही ना?" आणि ती नाही म्हणत होती.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळली. "बाबा वर्गात कसे होते?"

भिंतीला टेकलेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "लई देवमाणूस! लई प्रेमळ, न्हाई का ओ बाई?"

तिने त्यांच्याकडे न बघता तळहात वर केला. तिची नजर माझ्यावर होती आणि ती गप्प होती. प्रश्न मला होता.

मी सायकलवर बांधलेल्या फळ्यापासून सुरुवात केली.