अविधवा नवमीचं प्रात्यक्षिक

कावळ्याने माझा अपमान केला, तो एका रविवारी भर बारा वाजता आणि सहा विद्यार्थ्यांच्या देखत.

साल बहात्तर. देवळाली प्रवऱ्यात मास्तरकी करून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि आमची ही आदल्या वर्षी गेली होती. मूलबाळ नाही. घरात माझ्याशिवाय आवाज करणारा एकच, रॉकेलचा स्टोव्ह, आणि तोही भडकला की ऐकायचा नाही. म्हणून दर रविवारी नववी-दहावीच्या पोरांसाठी ओसरीवर धर्मसंस्कारांचा वर्ग काढला. (गावाला सांगितलं, तरुण पिढी बिघडत चाललीय. खरं म्हणजे रविवारचं घर मला खायला उठायचं.)

त्या वर्षी अविधवा नवमी, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा दिवस, नेमकी रविवारी आली. मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे! म्हटलं, पोरांना प्रात्यक्षिकच दाखवू. भटजी विधी उरकून गेले. स्वयंपाक मी स्वतः केला: वडे, भाजी, खीर. खीर तळाला लागली, पण वर्गाला मी ती 'खरपूस' आहे असं सांगितलं. मग हिचं पान परसातल्या भिंतीवर नेऊन ठेवलं.

"लक्ष द्या! गेलेलं माणूस तृप्त असलं, की कावळा लगेच पानाला शिवतो. मग आपण जेवायचं. पाच मिनिटांचं काम!"

पाऊण तास झाला. लिंबावर चार कावळे होते आणि चौघेही माझ्याकडे पाठ करून!

"सर, काकूंचं मन कशात तरी आडकलं आसंल," बबन म्हणाला. "आमच्या आज्याच्या टायमाला म्हशीला संबाळतो म्हनल्यावर शिवला हुता. तुमी बी कबूल करा काय तरी."

मी हात जोडले. "तुझ्या तुळशीला रोज पाणी घालीन गं."

"ती तर वाळली कवाच," शेजारच्या घरातली शैला पुटपुटली.

"बरं, यापुढे कुणावर चिडणार नाही!"

एक कावळा चक्क वळला. तेवढ्यात पोरं फिदीफिदी हसली. "दात काय काढता रे गाढवांनो!" मी खेकसलो. कावळा उडून पार पलीकडच्या उसात गेला.

पोरं भुकेली होती. उठून गेली, तर पुन्हा कशाला येतील? आणि हिचा राग? इतकी वर्षं संसार केला, पण हिला काय हवं होतं, ते काहीच धड आठवेना! लाज वाटली मला.

शैला लहानपणापासून हिच्या मागे-मागे आमच्या स्वयंपाकघरात असायची. तीच चाचरत म्हणाली, "सर, रागवू नका. पन काकू तुमच्या आदी कवा जेवल्या हुत्या का? सरांचं झाल्याबिगर घास उतरत न्हाई म्हनायच्या. तुमी आत जाऊन जेवा बगू."

"अगं, शास्त्र आहे! कावळा शिवल्याशिवाय मी कसा जेवू?"

"मंग बसा दोगं बी उपाशी!"

ही जेवायची, तेव्हा मी वामकुक्षी करत असायचो. काय जेवते, किती जेवते, एकदाही पाहिलं नव्हतं. शास्त्र गुंडाळलं, आत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून एकटाच जेवलो. डोळ्यांत पाणी आलं. (करपलेल्या खिरीनेही येतं म्हणा.)

"शिवला! सर, शिवला!"

धावत बाहेर आलो. वडे गेले होते, भाजी गेली होती. खीर जिथल्या तिथे.

"काकूंनी खीर टाकली," बबनने जाहीर केलं.

आता वर्ग मोडला, असंच मी धरून चाललो. पुढच्या रविवारी ओसरीवर नुसताच बसून होतो, तर सहाही जण हजर! शैलाच्या हातात पातेलं होतं. वर्ग भरला. विषय खीर, शिक्षिका शैला, विद्यार्थी एकच आणि तोही ढ.