पाण्यातला सोबती

दयानंदचं घराणं निपाणीकडचं, पण तो वाढला मल्लेश्वरममध्ये. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावरच. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत त्याचं काम. त्याच जहाजावर त्याच्याच शहरातल्या येलहंक्याचा शिवकुमार स्वयंपाकी होता. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटला, त्यामुळे गट्टी जमायला वेळ लागला नाही.

तांबड्या समुद्रात लढाई पेटली होती. भर दुपारी क्षेपणास्त्र आलं आणि जहाजाची कूस फाडून गेलं. दयानंद जेवायला वर आला होता म्हणून वाचला. भाजलेल्या शिवकुमारला त्याने लाइफ जॅकेट चढवलं, दोघांच्या जॅकेटांना दोरीची गाठ मारली आणि उडी घेतली. जहाज बुडालं. बाकीची माणसं लाटांनी कुठल्या कुठे नेली.

अंधार पडेपर्यंत शिवकुमार बोलत होता. "दया, स्वल्प थांब रे, दमलोय," एवढं म्हणाला आणि त्याची मान कलली.

उजाडलं तेव्हा चहूकडे नुसतं पाणी. जीभ सुजलेली, डोळ्यांत मीठ. कशाला जगायचं, म्हणून दयानंदने आपल्या जॅकेटचा पट्टा सोडायला घेतला. पण आपण गेलो तर याला घरी कोण नेणार? अग्नी द्यायलासुद्धा त्याच्या आईच्या हाती काही लागायचं नाही. त्याने पट्टा पुन्हा आवळला.

"चल," तो मेलेल्या मित्राला म्हणाला, "तुला अम्माकडे पोचवतो. माझं मग बघू."

दिवसभर तो त्याच्याशी बोलत राहिला. संध्याकाळी मच्छीमारांची होडी आली. त्यांनी दयानंदला हात दिला, तर त्याने मान हलवली आणि आधी शिवकुमारकडे बोट दाखवलं.

तो घरी आला, पण पुरता आला नाही. खाली जमिनीतल्या टाकीत, संपमध्ये, टँकरचं पाणी कोसळू लागलं की हातातला घास हातातच राहायचा.

"कोणाशी बोलताय?" बायकोने, कावेरीने, एकदा विचारलं.

"शिवाशी. थांब म्हणतोय."

कावेरी घाबरली, पण वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बसमध्ये बसवून येलहंक्याला घेऊन गेली. अंत्यविधीनंतर तो त्या घराकडे फिरकलाच नव्हता.

शिवकुमारच्या आईने, कमलाअम्मांनी, दार उघडलं. पाणी दिलं, समोर बसल्या.

"फार त्रास झाला का रे त्याला?"

नाही म्हणावं असं दयानंदच्या ओठांवर आलं होतं.

"झाला, अम्मा."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "एकटा होता?"

"नाही. मी होतो ना."

अम्मांनी डोळे पुसले आणि पान वाढायला उठल्या.

दयानंद पुन्हा बोटीवर गेला नाही; एका सोसायटीत जनरेटर सांभाळतो. रविवारी येलहंक्याला जातो. शिवकुमार अजूनही येतो त्याच्याकडे. घरात हा विषय कोणी फारसा काढत नाही. अम्मा मात्र भाजी चिरता चिरता विचारतात, "या आठवड्यात काय म्हणाला?" आणि दयानंद त्यांना सांगत बसतो.