विहीर गोड झाली

निघाले त्या दिवशी माझे वडील, आबा, मला सोडायला पळस्पे फाट्यापर्यंत आले होते. विमानतळाची गाडी तिथूनच धरायची होती. कंटेनरच्या धुरळ्यात उभं राहून त्यांनी पाण्याची बाटली हातात दिली आणि लहानपणापासूनचं तेच सांगितलं, "बाय, परमुलखात पानी आदी जिबेवर घे. खारा लागला त थुक, गोड लागला त पी." मी पाणीपुरवठ्याची इंजिनिअर, युद्धात मोडलेले पंप दुरुस्त करायला निघालेली, आणि हे मला पाणी प्यायला शिकवत होते. हसू आलं, रडूही आलं.

गावातल्या आणि गाव सोडलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण मिठागरवाले. आपल्या विहिरीचं पाणी भांडी घासण्यापुरतं. आपल्याकडे पाण्याच्या दोनच जाती, खारं आणि गोडं. गोडं म्हणजे प्यायचं. तिसरीही जात असते हे मी पुस्तकात शिकले, पण माझ्या जिभेला ते कुणी शिकवलं नाही.

तिकडच्या गावात नळाची लाइन तोफांनी फुटलेली, जनरेटर चोरीला गेलेला, दवाखान्याला कुलूप. पळून आलेली माणसं शाळेत राहत होती आणि मैदानात खणलेले चर संडास म्हणून वापरत होती. शाळेच्या खालच्या अंगाला एक जुनी विहीर होती, ती आम्ही उपसली. दिवसभर उन्हात राबले होते. बादली वर आली आणि सवयीने मी ओंजळ तोंडाला लावली. आपल्याकडे कधीच नव्हतं इतकं गोड पाणी. आमच्याबरोबर काम करणारी तिथली नर्स मरियम, तिने विचारलं, चांगलं आहे? मी मान डोलावली. टेस्ट किट गाडीतच होतं, क्लोरीन दुसऱ्या दिवशी टाकायचं होतं. बायकांनी माझी मान पाहिली आणि कॅन भरले.

पहिली आजारी पडली मरियमची आई. कलिंगड बाधलं, म्हणाली. सगळ्यांना पटलं, मलाही. दोन दिवसांनी दवाखान्याचं कुलूप निघालं ते कॉलऱ्यासाठी, आणि मरियमची आई तोवर राहिली नव्हती. चरातली घाण जमिनीतून झिरपत विहिरीत उतरत होती. चव मात्र गोडच.  

हे मी घरी कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात आबांचा फोन आला. आई गेल्यापासून त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी ऐकला नव्हता. "बाय, आपली बाव गोड झाली." मिठागरं बुजवून टॉवर उभे राहिले, खाडी मागे हटली, म्हणून असेल, म्हणाले. नळाला एक दिवसाआड पाणी, तेव्हा आता प्यायला विहीरच. भर उन्हाळ्यात पाणी उतरत नाही, उलट चढतंय. ते कुठून चढतंय हे मला कळलं. टॉवरचं सांडपाणी. मग मरियमच्या आईची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली. पिऊ नका, आधी तपासून घ्या, म्हणून विनवलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिकडची बाव तिकडं. ही माज्या बापानं खनलेली हाय."

तेव्हापासून मी तिकिटाच्या मागे लागले आहे. इकडची सीमा बंद आहे, विमानं रद्द होतायत. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर आता मी सांगेन, खारं पाणी. तोंडात घेतल्याबरोबर थुंकावं लागायचं, पण त्याने कुणाला फसवलं नाही.

आज सकाळी पुन्हा फोन लावला. आबांचा आवाज खोल गेलेला. पोट जरा बिघडलंय म्हणाले, रात्रीपासून.

"काय नाय गो बाय. काल कलिंगड खाल्ला, तो बादला."