काकांचं वानर आणि काकांचं मॉस

जगात माणसं दोनच प्रकारची, हे माझ्या मावशीच्या यजमानांइतक्या ठामपणे सांगणारा माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा सापडायचा नाही. एक काळ्या तोंडाचं वानर आणि दुसरं दगडावर हिरवंगार चढतं ते मॉस. काका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. "वानर पाला संपला की झाड सोडतं. मॉस बघा, उन्हाळाभर वाळून पापड व्हतं, पण दगड सोडत न्हाई." एसटीचा कंडक्टर वानर, पोस्टमन वानर, मावशी मॉस. मी पुण्यात नोकरी धरली आणि त्याच दिवशी वानरांत गेलो. "वानराला भाकरी वाढा गं," असं म्हणायचे, पण तूप मात्र स्वतःच्या हाताने सोडायचे, चांगलं सढळ.

एकुलत्या लेकीच्या, सुमनच्या, पोह्यांच्या कार्यक्रमातही ही तपासणी चुकली नाही. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या कामावर असलेला मुलगा तिला बघायला आला होता. सुमनला तो मनापासून आवडला होता, तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. काकांनी त्याला विचारलं, "याआधी कुठं व्हता?" तो भाबडेपणाने म्हणाला, "आधी नाशिक, त्याच्याआधी नगर." पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, "तीन झाडं झाली राव. चौथ्यावर पोरीला कुठं हुडकायची?"

सुमन कपबश्या उचलत होती. खाली मान घालून म्हणाली, "अण्णा, मॉसला मुळं नसतात. तुम्हीच शिकवलंय."

काकांनी उत्तराला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि नकार कळवून टाकला. पुढची स्थळं सुमनने स्वतःच नाकारली. मावशी तोच घोर घेऊन गेली.

तो मुलगा खोडदलाच राहिला. घर बांधलं, लेकरं तिथल्याच शाळेत घातली. बाजारात भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, आणि त्या दिवशी काकांना जेवण जात नाही.

परवा गेलो तर परसातल्या चिंचेवर वानरांची टोळी उतरलेली. एरवी गोफण घेऊन त्यांच्यामागे धावणारे काका कुंपणावर शेंगा मांडत होते. "दरसाल ह्याच झाडावर येत्यात," ते म्हणाले. "जात्यात, पण परत येत्यात. हे मी पोरांना कधी शिकवलंच न्हाई." मग दाराकडे न बघता म्हणाले, "सुमे, तुझं लई नुकसान केलं मी."

"चहा निवतोय, अण्णा," सुमन म्हणाली आणि कप त्यांच्या हातात दिला.

जेवताना मला भाकरी वाढली, तूपही सढळ होतं. पण हल्ली काका मला वानर म्हणत नाहीत. फार वाईट वाटतं त्याचं.