आत्याचा नवस आणि कान्हेरीची माकडं

पौषातल्या सकाळी बोरिवलीच्या जंगलाला एक विलक्षण गंध असतो. दवानं ओलावलेल्या पाचोळ्याचा, रात्रभर थंडी पिऊन बसलेल्या काळ्या कातळाचा आणि कुठूनतरी येणाऱ्या पिकल्या उंबरांचा तो दरवळ छातीत भरून घेतला, की कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीत पाण्यावरून चाललेली भांडणं कुठल्या कुठे पळतात. पाहुणा कुणीही येवो, मी त्याला कान्हेरीची लेणी दाखवायला नेतेच. खरं सांगायचं तर त्या निमित्तानं मलाच जायला मिळतं.

यंदा देवगडजवळच्या गावाहून सुमनआत्या आली होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, बोलायला तिखट आणि मनानं लोण्याहून मऊ. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा घाबरून ती नवस बोलली होती: पुन्हा धड चालायला लागले तर डोंगर चढून मारुतीच्या माकडांना माझ्या हातानं गूळ-फुटाणे घालीन. आता गंमत अशी, की गावी याच माकडांशी तिचं उभं वैर. माकडं तिच्या आंब्याफणसांची नासधूस करतात आणि आत्या गोफण घेऊन दिवसभर त्यांच्या मागे. त्या चोरांना घास भरवणं तिच्या अगदी जिवावर आलं, म्हणून नवस फेडायला तिनं मुंबईची माकडं निवडली.

निघताना मी म्हटलं, "अगं आत्या, तिथं प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे."

"देवाच्या कामाक कसली बंदी गो? आणि पाहुण्याक कोण बोलता?" तिनं फुटाण्यांची पुडी कमरेला खोचली आणि आवाज एकदम उतरला. "नवस ऱ्हवलो आणि गुडघे परत धरले तर?"

तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. मी पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि दार ओढून घेतलं.

लेण्यांच्या पायऱ्या मात्र ती अशी चढली, की मलाच मध्ये थांबून धापा टाकाव्या लागल्या. वर पोहोचल्यावर एका लेण्याच्या ओट्यावर आम्ही टेकलो. खाली पसरलेल्या रानावर कोवळं ऊन उतरत होतं, धुक्याच्या पलीकडे उपनगरांच्या इमारती अस्पष्ट दिसत होत्या आणि त्या शीतल पाषाणावर बसून मला, का कोण जाणे, अगदी लहान झाल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात पोटाशी पिल्लू बिलगलेली एक माकडीण आली. ना भीड ना भीती, येऊन थेट आत्याच्या कमरेलाच तिनं हात घातला.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" आत्या अशी कडाडली, की पलीकडे फोटो काढणारं कुटुंब दचकून वळलं. माकडीण टुणकन उडी मारून झाडावर गेली. मी हसून हसून बेजार झाले.

आत्या मात्र हसेना. पुडी मुठीत धरून ती त्या झाडाकडे बघत राहिली. "अशीच येतत गो," ती हळूच म्हणाली. "आमच्या घाटात पाहुणे गाडी थांबवून बिस्किटा टाकतत. मगे ही रानातला खायत नाय, गावात उतरतत. त्या गाडयेवाल्यांका मी किती शिव्या घातलंय. आणि आज मीच त्येंच्यातली झालंय मा?"

आपल्या अंगणात जे कुणाला करू देणार नाही, ते परक्या गावी आपण पुण्य म्हणून, मौज म्हणून किती सहज करून मोकळे होतो! मी तरी इतकी वर्षं पाहुण्यांना इथं काय बघायचं तेच सांगत आले होते, काय करू नये ते क्वचितच. आत्यानं पुडी पुन्हा घट्ट बांधली आणि ती उठली, पण तिचा चेहरा पार उतरला होता. नवस तसाच राहिला होता आणि उतरणीच्या पायऱ्या समोर होत्या.

मी तिच्या पुढं एक पायरी राहून उतरू लागले. रानातल्या पाखरांकडे माझं लक्ष नव्हतं, उन्हाकडे नव्हतं. तिच्या गुडघ्यांकडेच सगळा जीव लागला होता. अर्ध्यावर ती थबकली. झालं, मी मनात म्हटलं आणि हात पुढं केला.

तिला हात नको होता. बाजूच्या उंबरावर मघाचीच माकडीण बसली होती आणि ते इवलंसं पिल्लू फांदीवरचं फळ ओढत होतं. पहिलं निसटून खाली पडलं. दुसरं हाती आलं, तेव्हा ते त्यानं दोन्ही हातांनी तोंडाशी नेलं. आत्या बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिचे हात आपोआप जोडले गेले.

"खाता गो आपल्या हातान," ती म्हणाली. "त्येका माझो हात नको. पावलो माका मारुती."

आणि उरलेल्या पायऱ्या ती माझ्या पुढं उतरून गेली.